चाळीस दिवस आणि एक बाटली

मंगळवारी दुपारी वर्दा नसूरच्या स्वयंपाकघरात चौघं जेवायला बसली होती आणि चौघांचंही जेवणात लक्ष नव्हतं. संध्याकाळी सहाला नगर मंडळापुढे सुनावणी होती. नसूर ग्रोसरीला बिअर आणि हलकी वाइन विकायचा परवाना परत द्यायचा की नाही, हे टाल्बर्ट गावाने निवडून दिलेले पाच सभासद ठरवणार होते.

टेबलावर खिमा-दलियाचं किब्बे होतं, दही होतं, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या. कॉफी मात्र सुतकाची, बिनसाखरेची. वर्दाचा नवरा फरीद जाऊन पंचावन्न दिवस झाले होते, चाळिसाव्याची प्रार्थना उरकली होती, दुकानाच्या दाराची काळी फीतही उतरली होती. पण साखरेचा डबा वर्दाने वरच्या फळीवरून खाली काढला नव्हता, आणि "काढ" म्हणायची छाती घरात कोणाला नव्हती.

"खा," वर्दा मुलाच्या ताटात आणखी एक गुंडाळी ठेवत म्हणाली. "उपाशीपोटी भांडू नये. आवाज चिरका होतो."

"मी भांडायला आलोच नाही, इम्मी. मी कागद घेऊन आलोय."

"तेच ते."

रेमंडने कागद ताटाशेजारी ठेवले. जॅक्सनहून तीन तास गाडी हाकत तो आला होता. विमा विकून विकून त्याच्या बोलण्याला एक गुळगुळीतपणा आला होता, आणि तो आईसमोर कधीच चालत नसे. "एकदा नीट ऐका. ती टेनेसीची कंपनी जागेला चांगली किंमत देतेय. दुकान पाडतील, स्वतःचं नवं बांधतील. आज परवाना मिळाला नाही तर अडेल सही करणार आहे. हे तिनेच कबूल केलंय. अडेल, केलंयस ना?"

"केलंय," त्याची थोरली बहीण अडेल म्हणाली.

तिने ते ईस्टरच्या दिवशी कबूल केलं होतं आणि दोन दिवसांत दोन हजार वेळा तिला त्याचा पश्चात्ताप झाला होता. पण खोटं तरी काय होतं त्यात? अठ्ठावीस वर्षं ती त्या दुकानात उभी होती. गिऱ्हाईक कसं वागतं ते तिला रेमंडने शिकवायची गरज नव्हती. कामावरून सुटलेला माणूस बिअरचा सहाचा खोका घ्यायला येतो, आणि जाताना पाव, कोंबडी, साबण घेऊन जातो. बिअर नाही म्हटलं की तो हायवेवरच्या सुपरमार्केटात जातो आणि साबणही तिथूनच आणतो. दुकान पुन्हा उघडून आता पंधरा दिवस झाले होते, आणि त्या पंधरा दिवसांत कोंबडीचा फ्रीझर दोनदाच भरावा लागला होता. एरवी तो रोज भरावा लागे.

"अम्मो, तुम्ही तरी बोला," रेमंड काकाकडे वळला. "अर्धं दुकान तुमचं आहे. परवान्यावर बाबांच्या नावाशेजारी तुमचं नाव आहे."

तौफिक नसूर एक्याऐंशी वर्षांचा होता. तो दुकानाच्या माडीवर एकटा राही आणि दोन वेळा वहिनीकडे जेवे. लग्न केलं नाही, कारण भाऊ लग्न करून काय कमावून बसला ते तो डोळ्यांनी बघत होता, असं तोच सांगे. "मी अडेल म्हणेल तिकडे," तो म्हणाला. "मला विचारून दुकानाचं आजवर कधी भलं झालंय?"

"आणि मला तर कोणी विचारूच नका," वर्दा म्हणाली. "मी कोण? शेहेचाळीस वर्षं त्या काउंटरमागे उभी राहिले. पायांच्या शिरा बघा, दोरखंड झालेत. आणि मृत्युपत्रात काय? घर वर्दाला, दुकानातला हिस्सा पोरांना. नवऱ्याने मला तिथे चमचाभर जागा ठेवली नाही. तेव्हा तुमचं तुम्ही बघा."

हे ती मृत्युपत्र वाचल्यापासून रोज एकदा तरी म्हणत असे. फरीदने ते कदाचित तिला आराम मिळावा म्हणून केलं असेल. पण मेलेल्या माणसाला कारण विचारता येत नाही, आणि वर्दाला आराम नको होता.

"इम्मी, मुळात हे सगळं कशामुळे झालं?" रेमंडचा गुळगुळीतपणा आता संपत आला होता. "चाळीस दिवस दुकान बंद! या देशात लोक तीन दिवसांनी कामाला लागतात."

"हो का? आणि फोनवर 'इम्मी म्हणते तेच बरोबर, बाबांचा मान राहिला पाहिजे' असं कोण म्हणालं? अडेल दहाव्या दिवशी उघडूया म्हणत होती, तेव्हा तिला निर्दय कोण म्हणालं?"

रेमंडने गुंडाळी तोंडात घातली.  अडेलला तो शब्द अजून लागत होता, आणि भावाने तो परत घेतला नव्हता.

घोळ झाला होता तो असा. दुकान एकोणीसशे सव्वीस सालचं, अरबी मुलखातून आलेल्या आजोबांनी थाटलेलं. समोरचं बाप्टिस्ट चर्च त्यानंतर चाळीस वर्षांनी बांधलेलं. मग गावाने नियम केला, की चर्चच्या दारापासून तीनशे फुटांच्या आत कोणाला बिअर-वाइनचा परवाना द्यायचा नाही. नसूर ग्रोसरीचं दार दोनशे बारा फुटांवर. पण जुनं दुकान म्हणून त्याला सूट मिळाली, आणि तीही एका अटीवर. सलग तीस दिवस विक्री थांबली की सूट संपली. त्यानंतर ते दुकान नवंच धरलं जाईल आणि फुटांचा हिशेब लागू होईल.

फरीदला ही अट पाठ होती. दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हती. नगर मंडळाच्या कारकून ग्लेंडाने बिचारीने विसाव्या-एकविसाव्या दिवशी आठवणीचं पत्र टाकलं होतं. गावचा माणूस गेलाय म्हणून सरकारी खाकी पाकीट न वापरता तिने पांढरं पाकीट घेतलं आणि पत्ता हाताने लिहिला. आणि वर्दाच्या घरचा रिवाज असा, की सांत्वनाची पत्रं चाळिसाव्याच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी एकत्र बसून उघडायची. ग्लेंडाचं पत्र सत्तर पांढऱ्या पाकिटांत पडून राहिलं. एकेचाळिसाव्या दिवशी अडेलने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला कागद टेबलावर ठेवला.

"मी दुकानात जाते," अडेल उठली.

"कॉफी?" वर्दाने विचारलं.

"कडू कॉफी खूप झाली, इम्मी."

हे जरा जोरात बोललं गेलं. वर्दाने कप उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

*

अडीचच्या सुमारास दुकानात ग्लेंडा आली. दुधाचा कॅन घेतला, मग उगाच सार्डिनचे डबे उलटसुलट करत राहिली.

"अडेल, मी हे बोलायला नको खरं तर," शेवटी ती म्हणाली. "पण मी काल नियम पुन्हा वाचला. 'सलग तीस दिवस एकही विक्री न झाल्यास' असे शब्द आहेत. एकही. म्हणजे मधे एक बाटली गेली असती ना, एक, तरी निभावलं असतं."

"दार बंद होतं, ग्लेंडा. फीत लावलेली होती."

"माहितीये. मी पण रोज त्याच रस्त्याने जाते. म्हटलं, सांगून तरी ठेवावं."

ती गेली. अडेल काउंटरमागे उभी राहिली. दुकानात तेव्हा कोणीच नव्हतं. तिने मशीनचं झाकण उघडलं. गल्ल्याचं ते मशीन गिऱ्हाइकाला पावती देई आणि तीच ओळ आतल्या रिळावर छापून ठेवी. तारीख, वेळ, वस्तू. दुकान बंद झाल्यापासून रीळ बदललेलं नव्हतं. तिथे काही सापडेल म्हणून तिने ते उलगडलं नाही. बाबांच्या हातची शेवटची ओळ बघावी, एवढंच तिच्या मनात होतं.

ती ओळ सापडली. अठरा फेब्रुवारी, संध्याकाळी सहा पन्नास, एक पाव, दोन कांदे. तिने त्यावरून बोट फिरवलं. त्याखाली एकतीस मार्चची पहिली ओळ यायला हवी होती. ती नव्हती. मधेच एक ओळ होती. दहा मार्च, दुपारी तीन चाळीस. बिअर, एक.

अडेलने ती चार वेळा वाचली. मग बोटांवर दिवस मोजले. दहा मार्च म्हणजे विसावा दिवस.

नसूरांच्या दुकानात एक कायदा होता, आणि तो गावाच्या कायद्याहून जुना होता. मशीन वाजल्याशिवाय वस्तू बाहेर जायची नाही. घरच्या माणसाने लिमलेटची गोळी उचलली तरी मशीन वाजवायचं, पैसे टाकायचे. लहानपणी रेमंडने एकदा च्युइंगगम तसंच खाल्लं म्हणून फरीदने त्याला आठवडाभर दुकान झाडायला लावलं होतं. म्हणजे बाटली घेणारा घरचाच होता, चावीवाला होता, आणि मोडतानाही एकच नियम मोडणारा होता.

तिने जिन्याखाली उभं राहून हाक मारली. "अम्मो! जरा खाली या."

तौफिक कठड्याला धरून उतरला. अडेलने रीळ त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढ्यात रेमंडही घरातून दुकानात आला.

"तुम्ही?" अडेलने विचारलं.

म्हाताऱ्याने मागच्या खिडकीकडे बघितलं. तिथून घराचं अंगण दिसे, अंगणातलं पेकानचं झाड आणि वर्दाची कपडे वाळवायची दोरी. "मी," तो म्हणाला.

"म्हणजे शवपेटीवर हात ठेवून शपथ कोणी घेतली होती?" रेमंड म्हणाला. "'चाळीस दिवस थेंबाला शिवणार नाही, फरीद.' सगळं चर्च रडलं होतं. माझी बायको तर रुमाल भिजवून बसली."

"जीभ घसरली तेव्हा. नंतर घसा कोरडा पडला."

"आणि आम्हाला इम्मीने रेडिओ लावू दिला नाही!"

अडेलला हसू आलं आणि त्यामागोमाग रडूही आलं. तिने काकाच्या टकलावर ओठ टेकवले. "अम्मो, तुमच्या पापाने दुकान वाचलं. आज संध्याकाळी एवढंच सांगायचं. विसाव्या दिवशी बाटली घेतली."

"सांगतो. पण एक. उम्म रेमंडला आधी कळता कामा नये." उम्म रेमंड, रेमंडची आई. थोरली मुलगी अडेल असली तरी वहिनीला तो आयुष्यभर मुलाच्याच नावाने हाक मारत आला होता. "तिला सुनावणीलाच नेऊ नका. डोकं दुखतंय म्हणावं तिने."

"इम्मी? ती काय ऐकणार आहे थोडीच?"

"मग देवावर हवाला," तौफिक म्हणाला आणि खिडकीपासून लांब जाऊन बसला. अडेलला वाटलं, वहिनीच्या जिभेला घाबरतोय. साहजिकच होतं. त्या जिभेला सगळेच घाबरत.

रेमंडने कागद कोटाच्या खिशात घातले. तो खूश आहे की नाराज, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुधा त्यालाही कळत नसावं.

*

सहाला नगर मंडळाच्या खोलीत चाळीसेक माणसं जमली होती. टाल्बर्टच्या मानाने ही जत्राच. बाप्टिस्ट चर्चची मंडळी डावीकडे बसली होती आणि बिअर पिणारी उजवीकडे. काही जण नेमकं कुठे बसावं हे न कळून मागे उभे होते. वर्दा पहिल्या रांगेत होती. पायांपर्यंत काळा झगा, मांडीवर काळी पर्स, पर्सवर दोन्ही हात.

मेयर लुएला ग्रिग्ज यांनी आधी चर्चला बोलायला सांगितलं. त्यांचे धर्मोपदेशक ब्रदर ह्यूएट उठले. उंच, हाडकुळा, मऊ बोलणारा माणूस.

"फरीद माझा शेजारी होता," ते म्हणाले. "आमच्या दर उन्हाळी सहलीला बर्फ त्याच्याकडून यायचा, आणि त्याने एकदाही पैसे घेतले नाहीत. त्याच्या अंत्यविधीला मी हजर होतो. पण बिअर ही बिअर आहे, मिस लुएला. माझ्या चर्चमध्ये बुधवारी काही माणसं येतात. ती दारूतून सुटायचा प्रयत्न करतायत. बाहेर पडल्यावर दोनशे बारा फुटांवर त्यांना दुकानाची ती काच दिसते. नियम करताना आपण त्यांचाच विचार केला होता. आता सूट संपली असेल तर ती संपू द्या. मला यात आनंद नाही."

ते खरंच बोलत होते. म्हणून अडेलला त्यांचा रागही येईना, आणि त्यामुळे ती जास्तच घाबरली.

मग तिने रीळ पुढे केलं. ग्लेंडाने ते सभासदांकडे नेलं. पाच डोकी एकावर एक वाकली. उजवीकडे कुजबुज उठली. नगराचे वकील मिस्टर पेटस यांनी चष्मा नाकावर ओढला.

"ही बाटली कोणी घेतली?"

तौफिक उठला. त्याने फरीदचा कोट घातला होता आणि तो त्याला खांद्यात सैल होत होता. "मी घेतली, साहेब. विसाव्या दिवशी. घसा कोरडा पडला होता."

वर्दाची मान झटकन त्याच्याकडे वळली. अडेल वाट बघत राहिली, की आता आई काय बोलते.  तिच्या हाताखाली पर्सचं कुलूप उघडत होतं, मिटत होतं.

"मिस्टर तौफिक," पेटस हळूच म्हणाले, आणि तो हळूपणा अडेलला मुळीच आवडला नाही, "परवान्यावर मालक म्हणून तुमचं नाव आहे ना?"

"आहे. एकोणीसशे एकावन्नपासून."

"मग मालकाने स्वतःच्या दुकानातली बाटली घेतली. पैसे टाकले हे चांगलंच केलंत. पण याला विक्री म्हणत नाहीत. खिशातून काढून खिशात घातल्यासारखं आहे ते."

"मशीन वाजलंय की!"

"मशीन कोणाच्याही बोटाने वाजतं. विक्रीला गिऱ्हाईक लागतं."

डावीकडे कोणीतरी सुस्कारा सोडला. मेयरबाईंनी अडेलकडे बघितलं आणि नजर खाली घातली.  पाच मिनिटांपूर्वी दुकान वाचलं होतं, आता ते पुन्हा गेलं होतं. अठ्ठावीस वर्षं गेली होती. उद्या सही करायची, मग कधीतरी यंत्र येणार आणि आजोबांच्या भिंती पाडणार. तिने रेमंडकडे बघितलं. रेमंड खिशातल्या कागदांवर हात ठेवून बसला होता, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा लहानपणी झाडू हातात दिल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"म्हातारा खोटं बोलतोय," वर्दा म्हणाली.

ती बसूनच बोलली होती, पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"उम्म रेमंड, बसून राहा," तौफिक म्हणाला. "हात जोडतो."

"बसलेलीच आहे, उठवतोयस तू." ती उठली. "त्या दिवशी तू माडीवर होतास. खिडकीत होतास. मला वाटलंच होतं पडदा हलला. बघितलंस ना?"

तौफिकने मान खाली घातली. "बघितलं. म्हणून तर मी घेतली असं म्हटलं."

"मिस वर्दा," मेयरबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"सांगायचं नाहीये. सांगावं लागतंय." वर्दाने पर्स खुर्चीवर ठेवली. "ती बाटली मी घेतली. मंगळवार होता. बिअरची गाडी मंगळवारी येते, तीन वाजता. गेली तीस वर्षं तोच ड्रायव्हर. मधले दोन आठवडे तो रजेवर होता, त्याला कोणी कळवलं नव्हतं. तो आला, त्याने हॉर्न वाजवला, दाराची फीत बघितली. टोपी काढून पाच मिनिटं तसाच उभा राहिला, आणि परत गेला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दर मंगळवारी गाडी गेली की फरीद नव्या मालातली एक बाटली उघडायचा. मशीन वाजवायचा, पैसे टाकायचा आणि स्टूलावर बसून प्यायचा. म्हणायचा, थंड आहे की नाही बघतो. तीस वर्षं तो थंड आहे की नाही तेच बघत होता." तिने झगा सारखा केला. "मग मी चावी घेतली. आत गेले. बाटली काढली, पैसे टाकले, मशीन वाजवलं. त्याच्या स्टूलावर बसून प्यायले. सगळी संपवली. पैसे दिले होते."

उजवीकडे एक जण हसला आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

"चाळीस दिवस मीच सांगितले होते," वर्दा पुढे म्हणाली. ती आता मंडळाकडे बघत नव्हती, मुलांकडे बघत होती. "या दोघांना रेडिओ लावू दिला नाही. अडेलला बोल लावले. आणि विसाव्या दिवशी मीच मोडले. हे मी आमच्या पाद्रीबाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आता सगळ्या गावाला सांगितलं."

मिस्टर पेटस खाकरले. "मॅडम, माफ करा, पण विचारावंच लागतं. नवऱ्याच्या मागे दुकानात तुमचा हिस्सा…"

"हिस्सा?" वर्दाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते खुर्चीत सरकले. "मृत्युपत्र तुमच्याच दप्तरी लागलंय, वाचा. घर वर्दाला. दुकानात चमचाभर जागा नाही. मी तिथली कोणीही नाही, साहेब. मी गिऱ्हाईक आहे."



कोपऱ्यातला एक सभासद म्हणाला, "वयाचा दाखला बघितला होता का?" खोलीत हशा पिकला, आणि वर्दा म्हणाली, "शहात्तर पूर्ण. गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं होतं."

ब्रदर ह्यूएट पुन्हा उठले. अडेलने मुठी वळल्या.

"माझा विरोध आहे तिथेच आहे," ते म्हणाले. "बुधवारची माणसंही आहेत तिथेच आहेत. पण कोणाला या बाईच्या शब्दावर शंका असेल, तर माझं ऐका. खोटं बोलून माणूस स्वतःचा मान वाढवतो. यांनी आपला घालवला. त्या खरं बोलतायत." आणि ते बसले.

मतं पडली. तीन विरुद्ध दोन. एक विक्री, विसाव्या दिवशी, गिऱ्हाइकाला. सूट अबाधित.

ग्लेंडाने ते वाचून दाखवलं तेव्हा उजवीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्दा त्या टाळ्या ऐकत उभी होती, आणि चोरी पकडल्यावर माणूस उभा राहतो तशी उभी होती. रेमंड गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेला आणि त्याने दंड पुढे केला. तिने तो धरला. चर्चच्या बायकांनी वाट करून दिली. बघितलं मात्र सगळ्यांनी.

*

घर जवळच होतं, चौघं चालतच निघाली. उजेड अजून होता. चर्चवरून जाताना वर्दाने नजर खाली ठेवली.

"इम्मी," अडेल म्हणाली, "मला सांगायचंस ना. मी कोणाला…"

"काय सांगू? कडू असते गं ती. पन्नास वर्षं तो म्हणायचा, थकवा जातो. कुठे जातो? मला तर नुसतं रडू आलं. स्टूल उंच आहे, माझे पाय जमिनीला पुरत नव्हते."

अडेलने तिचा दुसरा हात धरला. बापाच्या मृत्यूनंतर मायलेकी एकमेकींना शिवल्या त्या आज. अडेल तिथेच रस्त्यावर रडली. दुकान वाचल्याचं रडू म्हणून ते खपून गेलं असतं, पण ते तेवढ्याचं नव्हतं, आणि वर्दाला ते कळलं.

"अम्मो, खोटं बोलायचं तर जरा विचार करून," रेमंड मागून म्हणत होता. "मालकाचं नाव परवान्यावर असतं हे तुम्हाला माहीत नाही?"

"सत्तेचाळीस वर्षं तो कागद भिंतीवर लटकतोय," तौफिक म्हणाला. "लटकलेलं कोण वाचतं?"

स्वयंपाकघरात वर्दाने कॉफी चढवली. कोणी बोलावलं नव्हतं तरी सगळी दुपारच्याच खुर्च्यांवर बसली. रेमंडने खिशातले कागद काढून टेबलावर टाकले. खिशात टोचत असावेत. वर्दाने उकळतं भांडं आणून त्यांच्यावरच ठेवलं. "गरम भांड्याखाली काहीतरी लागतंच," ती म्हणाली.

मग ती खुर्ची ओढून त्यावर चढू लागली. तिघंही एकदम उठली.

"बसा. अजून मेले नाही." वरच्या फळीवरून तिने साखरेचा डबा काढला, झग्याने त्यावरची धूळ पुसली आणि खाली उतरली. "उद्या सातला दुकान उघड, अडेल. नव्या बिअरची ऑर्डर दे. त्या ड्रायव्हरला सांग, मंगळवारी ये. रेडिओ लावायचा तर लावा. तुमचे चाळीस झाले."

"आणि तुझे?" अडेलने विचारलं.

"माझे मोडले. मी आजपासून पुन्हा मोजते."

तिने चार कपांत कॉफी ओतली. तीन कपांत दोन-दोन चमचे साखर घातली, ढवळली, तिघांपुढे सरकवली. मग डब्याला झाकण लावलं आणि चौथा कप तसाच उचलला.